वायफाय गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

पेणच्या बाजारपेठेत एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली लॅपटॉप दुरुस्तीचं एक दुकान आहे. आत दोन माणसं बसली की तिसऱ्याने पायरीवर टेकायचं. श्रावणात मी त्या पायरीवर चार दिवस काढले. पहिला दिवस गिऱ्हाईक म्हणून, पुढचे तीन हा लेख लिहायचा म्हणून. समोरच्या रस्त्यावरून प्लास्टिकचे कागद पांघरलेले गणपती टेंपोतून जात होते, पाऊस मनाला येईल तसा पडत होता आणि दुकानात येणारा जो तो लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून एकच गाऱ्हाणं सांगत होता.

"दादा, वायफाय गेलं."

खारेपाटातल्या एका मावशींचं "नेट जेला." हमरापूरच्या पोराचं "रेंज पकडत नाय." एक निवृत्त मास्तर म्हणाले, "आमची बिनतारी जोडणी खंडित झाली आहे," आणि स्वतःच हसले. दुकानदार कोणाच्याही लॅपटॉपला लगेच हात लावत नाही. तो तिशीतला आहे. गिऱ्हाईक बोलायचं थांबलं की विचारतो, "गेलं म्हणजे काय दिसतं, तेवढं सांगा."

इथेच पंचाईत होते. काय दिसतं ते सांगणं आपल्याला जमत नाही. मलाही जमलं नाही. "काही दिसतच नाही," एवढंच मी म्हणालो. त्यावर त्याने खानावळीची गोष्ट सांगितली. ती मी जशीच्या तशी देतो, कारण या विषयावर मी आजवर वाचलेल्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा ती सरस आहे.

"काका, वायफायचा मेनू म्हणजे खानावळीच्या दारातला फळा. आता तुम्ही जेवायला गेलात आणि फळाच जागेवर नाही, ही एक गोष्ट. फळा आहे, पण कोरा, ही दुसरी. फळ्यावर सुरमई, बांगडा, कोळंबी सगळं आहे, फक्त तुम्हाला हवा तो जिताडा नाही, ही तिसरी. जिताडा लिहिलाय, पण मागितला तर पोऱ्या म्हणतो मिळणार नाही, ही चौथी. आणि ताट समोर आलं, पण घास घशाखाली उतरत नाही, ही पाचवी. पाचही वेळेला तुम्ही उपाशीच. पण प्रत्येक वेळेला चूक वेगळ्या माणसाची."

जिताडा हा आमच्या खाडीपट्ट्यातला मानाचा मासा. फळ्यावर तो नसला तर पेणकर उठून जातो. त्यामुळे ही उपमा मला तिथल्या तिथे पटली.

माझा लॅपटॉप पहिल्या प्रकारातला निघाला. फळाच गायब. खाली उजव्या कोपऱ्यात पंख्यासारखं जे चिन्ह असतं, त्याच्या जागी पृथ्वीचा गोळा आला होता. त्यावर टिचकी मारली की ब्लूटूथ दिसे, विमानाचं चित्र दिसे, पण वायफायचं बटणच नव्हतं. बंद नव्हतं, करडं पडलेलं नव्हतं, नव्हतंच. मेनू बनवणाऱ्यांवर माझा राग आहे तो इथे. "तुमचं वायफायचं कार्ड मला सापडत नाही" एवढं एक वाक्य दाखवायला काय जातं? तसं न करता बटणच काढून घेतात. पोस्टमन रजेवर गेला म्हणून कोणी पोस्टाची पेटी उपटून नेत नाही.

घरी मी जे केलं तेच सगळे करतात. बंद करून चालू केलं. पुण्याच्या पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, फॉरमॅट मारा." मागे एकदा मी हा सल्ला मानला होता. दुसऱ्या एका गावातल्या दुकानात लॅपटॉप दिला, संध्याकाळी परत आणला. वायफाय आलं होतं, पण सहा वर्षांचे लेख, पत्रव्यवहार आणि आईचे फोटो गेले होते. नंतर कळलं की त्या वेळी नुसतं एक बटण चुकून दाबलं गेलं होतं. तेव्हापासून फॉरमॅट हा शब्द ऐकला की मी दुकानातून उठतो. पेणचा हा दुकानदार मला आवडला तो या एका कारणासाठी. चार दिवसांत त्याच्या तोंडून तो शब्द मी एकदाही ऐकला नाही.

"बंद करून चालू केलं म्हणता, म्हणजे शट डाउन केलंत की रिस्टार्ट?" त्याने विचारलं. मला दोन्ही सारखंच. तसं ते नाही. विंडोज आठपासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असली तर शट डाउन करताना यंत्र पुरतं झोपत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा उतरवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून पुढे सुरू होतो. म्हणजे रात्री बिघडलेला ड्रायव्हर, कार्ड चालवणारी आज्ञावली, सकाळी बिघडलेलाच उठतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने मांडलं जातं. मी आठवडाभर रोज रात्री शट डाउन करून "बंद करून चालू केलं" असं अभिमानाने सांगत होतो, ते सगळं फुकट.

रिस्टार्टनेही माझा फळा आला नाही. मग त्याने दुसरा उपाय केला: लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाहेर, आणि चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. आतल्या भागांत अडकून राहिलेली वीज त्याने निघून जाते आणि रुसलेलं कार्ड कधीकधी परत ओळख दाखवतं. माझ्या कार्डाने ओळख दाखवली नाही. "ठेवून जा," तो म्हणाला. पाऊस होता. मी जायच्याऐवजी पायरीवर बसलो आणि बसलो तो बसलोच.

त्या दिवशी दुपारी हमरापूरहून एक मूर्तिकार आला. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावं म्हणजे पेणच्या गणपतींचं माहेर. शहरात नाव पेणचं, पण हात बहुतेक या गावांचे. हा माणूस परदेशच्या ऑर्डरींचा हिशेब लॅपटॉपवर ठेवतो. त्याचं दुखणं तिसऱ्या प्रकारचं होतं. मेनूत शेजारच्या चार कारखान्यांची वायफाय दिसत, स्वतःचं दिसत नसे. मोबाइलवर मात्र ते ठणठणीत दिसे. त्यामुळे लॅपटॉप बिघडला, यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत झालेलं.

दुकानदाराने विचारलं, "लॅपटॉप कुठून घेतला?"

"साडूने अमेरिकेतून आणला."

"आणि राउटरमध्ये कोणी काही केलं का?"

मुलाने केलं होतं. आजूबाजूला गर्दी नको म्हणून त्याने राउटरचा चॅनल बदलून तेरा ठेवला होता. मुलाचं चुकलं नव्हतं. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. आपल्याकडे त्यात १ ते १३ चॅनल चालतात. अमेरिकेत वापर ११ पर्यंतच, म्हणून तिकडच्या बाजारासाठी बांधलेली कित्येक कार्डं बारा आणि तेरावर कानच देत नाहीत. राउटर तेराव्या मजल्यावरून हाका मारत होता आणि अमेरिकन लॅपटॉपच्या लेखी इमारत अकरा मजल्यांची. चॅनल सहावर आणल्यावर मिनिटभरात नाव उमटलं. मूर्तिकाराने साडूला तिथूनच फोन लावला आणि लॅपटॉप निर्दोष असल्याचं कळवलं. त्यांच्यात यावरून बोलाचाली झाली असावी.

याच तिसऱ्या प्रकारात आणखी एक गंमत मोडते. नव्या राउटरवर दोन नावं असतात, एक २.४ चं आणि एक ५ गिगाहर्ट्झचं. जुन्या स्वस्त लॅपटॉपांतली कार्डं फक्त पहिला पट्टा ऐकतात. इंटरनेट जोडून देणारा माणूस जाताना दुसरा पट्टा तेवढा चालू ठेवून गेला, की घरातले सगळे मोबाइल खूश आणि जुना लॅपटॉप आंधळा. शिवाय ५ चा वेग जास्त असला तरी त्याला भिंती सोसत नाहीत. जुन्या घरांच्या हातभर जाड भिंतीपलीकडे तो पोचता पोचता दमतो. मूर्तींच्या कारखान्यात तर भिंतींची गरजही नसते. मूर्तिकाराने सांगितलं की वैशाखात रिकाम्या शेडमध्ये वायफाय टोकापर्यंत जातं, पण ओल्या शाडूच्या मूर्तींच्या रांगा लागल्या की मधल्या फळीपाशीच संपतं. पाणी या लहरी शोषून घेतं. मायक्रोवेव्ह ओव्हन याच गुणावर चालतो, आणि त्याचीही वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासची. ओल्या मातीच्या शंभर मूर्ती म्हणजे लहरींच्या वाटेत उभं केलेलं पाण्याचं धरणच. राउटर खालच्या कोनाड्यातून काढून उंच टांगा, एवढाच त्यावर इलाज.

हा २.४ चा पट्टा आपल्या घरात कसा आला, याची एक जुनी कहाणी आहे. आमच्या आजोबांना रेडिओ ऐकायला परवाना लागे. १९३३ च्या बिनतारी कायद्याने ठरवलं होतं की परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगायचं नाही. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर तिकीट लावून घ्यायचं. ऐंशीच्या दशकात रेडिओची ती कटकट गेली, कायदा मात्र राहिला. वायफायचं मानक १९९७ मध्ये ठरलं, १९९९ मध्ये त्याला वायफाय हे नाव मिळालं. हे नाव कशाचंही लघुरूप नाही, एका नामकरण करणाऱ्या कंपनीने कानाला बरं वाटतं म्हणून दिलेलं ते बारशाचं नाव आहे. आपल्याकडे हा पट्टा सर्वांना, घरात आणि घराबाहेर, परवान्याशिवाय खुला झाला तो २००५ च्या जानेवारीत. ५ गिगाहर्ट्झचा मोठा हिस्सा मोकळा व्हायला २०१८ उजाडलं. म्हणजे कारखान्यातला तो राउटर आजोबांच्या काळात असता, तर मूर्तिकाराला आधी पोस्टात जावं लागलं असतं.

कोऱ्या फळ्याची, म्हणजे दुसऱ्या प्रकारची गिऱ्हाइकं जूनमध्ये जास्त येतात, असं दुकानदार सांगतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले. त्या दिवसांत एक बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. लॅपटॉप २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळेसाठी सेकंडहँड घेतलेला. फळा होता, त्यावर एकही नाव नव्हतं. फॉर्म भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. त्याने लॅपटॉप हातात घेतला, उलटा न करता पुढच्या कडेवर अंगठा फिरवला, आणि नखाएवढी एक पट्टी उजवीकडे सरकवली. मेनू भरून गेला. जुन्या लॅपटॉपांना वायफायचा असा खराखुरा खटका असायचा. पिशवीत घालताना तो सरकतो. नव्यांत त्याची जागा वरच्या ओळीतल्या कळीने घेतली आहे. तिच्यावर विमानाचं किंवा मनोऱ्याचं चित्र असतं, आणि कीबोर्ड पुसताना फडक्याने ती दाबली जाते. दिवाळीची साफसफाई झाली की या तक्रारी हमखास येतात, असंही तो म्हणाला. वाचकांनी हा दिवाळी अंक हातात असताना नोंद घ्यावी.

"मग किती घेतले त्यांच्याकडून?" मी विचारलं.

"अंगठा फिरवायचे काय पैसे घ्यायचे काका?"

खटका ठीक असूनही फळा कोरा असेल, तर त्याची नजर बिजागरीकडे जाते. हे मला त्याने नागोठण्याच्या एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर दाखवलं. वायफायचं कार्ड खाली, कीबोर्डच्या पोटात असतं. पण त्याचे कान वर, पडद्याच्या चौकटीत असतात. दोन केसासारख्या बारीक तारा कार्डापासून निघतात आणि बिजागरीतून वळसा घेऊन वर चढतात. झाकण दिवसातून वीस वेळा उघडमिट केलं की त्या तारा त्या वळणावर झिजतात. या पोराचा लॅपटॉप झाकण अर्धवट उघडं ठेवलं तर चार नावं दाखवी, पुरतं उघडलं की एकही नाही. आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टरचा एरियल हाताने धरून बातम्या ऐकत, त्याची आठवण झाली. टाळेबंदीत घेतलेल्या लॅपटॉपांची बिजागरं आता दमायला लागली आहेत, हे त्याचं निरीक्षण.

कोरा फळा दर वेळी खोटं बोलतो असं मात्र नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. खांब झोपले, झाडं तारांवर पडली, कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात राहिली. त्या रात्री मी उरल्यासुरल्या बॅटरीवर लॅपटॉप उघडला होता. एरवी माझ्या मेनूत आळीतली सात-आठ घरं दिसतात. कोणाचं नाव कुलदैवताचं, कोणाचं नातवाचं, एकाचं "पासवर्ड मागू नये." त्या रात्री यादीत कोणीच नव्हतं. लॅपटॉप पूर्ण शाबूत होता. आळीत वीज नव्हती, इतकंच. म्हणून दुकानदाराची एक सवय मी उचलली आहे: फळा कोरा दिसला तर आधी मोबाइलवर बघायचं. त्यावरही कोरा असेल, तर बिघाड लॅपटॉपच्या बाहेर.

चौथा प्रकार, नाव दिसतं पण जोडलं जात नाही, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बऱ्याच वेळा कोणीतरी राउटरचा पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप जुनाच पासवर्ड घेऊन इमानाने दार ठोठावत राहतो. त्या नावावर जाऊन फरगेट म्हणायचं आणि नव्याने ओळख करून द्यायची. नवा राउटर फक्त डब्ल्यूपीए-तीन या सुरक्षेवर ठेवला असेल तर जुन्या लॅपटॉपला ती भाषाच येत नाही. तेव्हा राउटरला एक पायरी खाली यायला सांगायचं.

पाचवा प्रकार रेल्वेने येणाऱ्यांचा. स्थानकांवरच्या मोफत वायफायची सुरुवात आपल्याकडे २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलला झाली. रेलटेल आणि गूगलचं ते काम. २०२० मध्ये गूगल त्यातून बाहेर पडलं, रेलटेलने चालू ठेवलं. अशा वायफायवर लॅपटॉप जोडला जातो, चिन्हही पूर्ण भरतं, पण पान उघडत नाही. कारण मोबाइल नंबर आणि ओटीपी विचारणारं पान आधी यायला हवं असतं आणि ते पुढे येतच नाही. रोज गाडीने जाणारा एक कारकून याच तक्रारीने आला होता. आजकालची बहुतेक संकेतस्थळं कुलूपबंद वाटेने येतात आणि त्या वाटेवर मधल्या दरवानाला आत शिरता येत नाही. म्हणून कुलूप नसलेलं, एस नसलेलं साधं एचटीटीपीचं एखादं पान मुद्दाम उघडायला जायचं. दरवान तिथे आडवा येतो आणि नंबर विचारतो. कारकुनाने हे तीनदा लिहून घेतलं.

याच प्रकारात आणखी एक कारण लपलेलं असतं आणि ते शोधायला लोक दिवस घालवतात: घड्याळ. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की लॅपटॉपची तारीख मागे जाते. यंत्र २०१५ सालात बसलेलं असेल तर आजच्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रं त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेली नसतात. सगळी पानं धोकादायक म्हणून नाकारली जातात आणि दोष वायफायला लागतो. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघायला एक सेकंद लागतो. कोणी बघत नाही.

तिसऱ्या दिवशी रोह्याच्या बाजूचा एक तरुण आला, आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा. दाखले, सातबारा, योजनांचे अर्ज हे त्याचं रोजचं काम. आदल्या रात्री विंडोजने स्वतःहून अपडेट केलं आणि सकाळी फळा गायब. माझ्यासारखंच लक्षण, म्हणून मी पायरी सोडून आत सरकलो. दुकानदाराने डिव्हाइस मॅनेजर उघडला. नेटवर्क अॅडॅप्टर्स या ओळीखाली कार्डाचं नाव होतं, पण त्यावर पिवळं उद्गारचिन्ह. म्हणजे कार्ड जिवंत, पण अपडेटने आणलेला ड्रायव्हर त्याला मानवला नव्हता. रोल बॅक ड्रायव्हर असं एक बटण तिथे असतं. त्याने जुना ड्रायव्हर परत येतो. इथे ते बटण करडं होतं, जुना ड्रायव्हर पुसला गेलेला. नवा उतरवायचा तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. दोर विहिरीत आणि बादली काठावर.

दुकानदाराने त्याचाच मोबाइल मागून घेतला, चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडला आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं. अँड्रॉइड मोबाइल अशा वेळी तारेच्या इंटरनेटचं काम करतो, वायफायची गरजच उरत नाही. ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवला, बसवला, फळा आला. "ही एक वायर कायम पिशवीत असू दे," तो तरुणाला म्हणाला. मला विचाराल तर या सबंध लेखातला हा सर्वांत उपयोगी भाग. घरात नेट नाही म्हणून लॅपटॉप दुकानात नेणाऱ्यांपैकी किती जणांच्या खिशात तो उपाय आधीच असतो!

कधी कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक असतात, पण डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग नावाची सेवा थांबलेली असते. शोधपट्टीत सर्व्हिसेस लिहून यादी उघडायची, ती ओळ शोधायची आणि सुरू करायची. आणि सगळं हरल्यावर सेटिंगमध्ये नेटवर्क रीसेट असतं, पण त्याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात. घरच्या पासवर्डची चिठ्ठी सापडत असेल तरच तिकडे जावं.

मॅकवाल्यांचा एकच किस्सा. रोह्याच्या एका आर्किटेक्ट ताईंच्या मॅकवरून वायफायचं चिन्ह नाहीसं झालं होतं, इंटरनेट मात्र धडधडीत चालू. फळा काढून ठेवलेला आणि स्वयंपाकघर सुरू. कमांडची कळ दाबून ते चिन्ह ओढलं तर पट्टीवरून निघून जातं, आणि त्यांच्या चार वर्षांच्या लेकाने तेच केलं होतं. कंट्रोल सेंटरच्या सेटिंगमधून चिन्ह परत लावलं. जाता जाता दुकानदाराने त्यांना ऑप्शनची कळ दाबून त्याच चिन्हावर टिचकी मारायला सांगितलं. चॅनल कोणता, सिग्नल किती, सगळा तपशील उघडा झाला. सिग्नल उणे आकड्यात असतो. उणे पन्नासच्या आसपास उत्तम, उणे ऐंशीला रडतखडत.

राहिला माझा लॅपटॉप. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माझ्या कार्डाचं नाव उद्गारचिन्हासकटही नव्हतं. म्हणजे यंत्राला ते आहे हेच ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी त्याने लॅपटॉप पालथा घातला, एकेक स्क्रू काढून बर्फाच्या ट्रेच्या खणांत ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवला. खालचं झाकण जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवलं. आधी बॅटरीची पिन काढली. मग बोट दाखवून म्हणाला, "हे तुमचं वायफाय."

दोन बोटांच्या पेरांत मावेल एवढं हिरवं कार्ड, बावीस मिलिमीटर रुंद आणि तीस लांब. एका टोकाला सोनेरी पट्ट्यांचे दात, ते खाचेत घुसलेले. दुसऱ्या टोकाला तांदळाच्या कणीएवढ्या दोन गोल पितळी टिकल्या, एकीवर काळी तार, एकीवर पांढरी. त्याने नखाने तारा उचलल्या, स्क्रू सोडला, कार्ड तिरपं उभं राहिलं. दात बघितले तर सोनेरी राहिले नव्हते. मळकट तपकिरी, एका कडेला हिरवट.

रायगड जिल्ह्यात पावसाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. त्यात आमचं घर खाडीच्या वाऱ्यात. चार महिने मिठाचे डबे पाझरतात, पापडांना उन्हं मिळत नाहीत, दारं फुगतात. लॅपटॉपच्या पोटातल्या पट्ट्यांनी तेवढं कोरडं राहावं, ही अपेक्षाच चुकीची. वैशाखात माझं वायफाय कधीच जात नसे आणि आषाढात दर वर्षी तक्रार सुरू होई, याचा अर्थ मला तेव्हा लागला.

त्याने खणातून शाळेतल्या पोरांचा पांढरा खोडरबर काढला. कार्डाचे दात एका दिशेने, हलक्या हाताने आठ-दहा वेळा घासले. खोडरबराचा चुरा ब्रशने झटकला, आयपीएच्या, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या, बाटलीतला थेंब कापसावर घेऊन पुसलं, फुंकर मारायचा मोह टाळला. फुंकरेत वाफ असते, हेही त्याने सांगितलं. कार्ड परत खाचेत, स्क्रू, काळी तार काळ्या त्रिकोणाच्या टिकलीवर, पांढरी पांढऱ्या. टिकली बसताना बारीक टक असा आवाज येतो. तो आला नाही तर ती बसलेली नसते. बॅटरीची पिन, झाकण, स्क्रू. चालू केल्यावर कोपऱ्यातला पृथ्वीचा गोळा गेला आणि पंख्याचं चिन्ह आलं. यादीत जिन्यावरच्या दवाखान्याचं वायफाय, समोरच्या मिठाईवाल्याचं, आणि कोणा कल्पक माणसाचं "फुकट नाही मिळणार."

शंभर रुपये झाले.

"खोडरबराने नसतं झालं तर?" मी विचारलं.

मग कार्ड बदलायचं. तेही काही जुन्या लॅपटॉपांत जमत नाही, कारण कंपनीने ठरवून दिलेल्या कार्डांखेरीज दुसरं बसवलं तर यंत्र सुरूच व्हायला नकार देतं. अलीकडच्या सडपातळ लॅपटॉपांत कार्ड मदरबोर्डलाच डाग देऊन चिकटवलेलं असतं. तिथे खोडरबर चालवायला जागाच नाही. अशा वेळी यूएसबीत खोचायचा नखाएवढा डोंगल घ्यायचा, काही शे रुपयांत काम होतं. दिसायला ते ठिगळ, पण भागतं. नव्या लॅपटॉपवर पन्नास हजार घालवण्याआधी हे ठिगळ लावून बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदाराचंही तेच, आणि तो तर नवे लॅपटॉपही विकतो.

हा लेख दिवाळी अंकात येणार म्हटल्यावर त्याने नाव छापू नका असं सांगितलं. गर्दी त्याला आत्ताच आवरत नाही. त्याऐवजी वाचकांना एक निरोप द्यायला सांगितला, तो देतो. दुकानात जाताना फळा नाही, कोरा आहे, जिताडा नाही, मिळत नाही की उतरत नाही, यातलं काय ते घरीच बघून कागदावर लिहून न्या. केव्हापासून, तेही लिहा. आणि लॅपटॉपबरोबर चार्जर न्या. निम्मे लोक चार्जर घरी ठेवून येतात आणि प्रत्येक कंपनीच्या पिनेचा चार्जर काही त्याच्याकडे नाही.